लढाईत गेलेल्या आजोबांची नोंद सापडत नाही? दिल्ली-लंडनच्या आधी हे तपासा

महिन्याकाठी एखादं तरी घर माझ्याकडे येतंच. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत लॅमिनेशन केलेला जुना फोटो, आणि बोलणं ठरलेलं: "आमना आजा लढाईमा गयथा, पन नाव कोठेच सापडत नही."

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर पारोळा, अमळनेर, साक्री, शिरपूर भागातल्या पुष्कळ घरांचे शोध मी हातात घेतले. पहिला शोध आमच्याच घरचा होता. आजोबांचे थोरले भाऊ 1915 च्या सुमारास पलटणीत गेले, ते परत आलेच नाहीत. घरात त्यांना 'बसरावाले आबा' म्हणत. त्यांची एक ओळीची नोंद सापडायला मला चार वर्षं लागली. आज तोच शोध मी एका दुपारी लावला असता. चार वर्षं कशात गेली आणि दुपार कशामुळे पुरली असती, ते या लेखात लिहितो.

बिघाड जवळपास प्रत्येक वेळी एकच असतो. आपण माणूस नावाने शोधतो, आणि लष्कराच्या दप्तरात तो नंबराने आणि पलटणीने ठेवलेला असतो. नाव तिथे तिसऱ्या जागेवर येतं, तेही एखाद्या गोऱ्या साहेबाने किंवा त्याच्या कारकुनाने ऐकून लिहिलेलं.

लक्षणं

खालीलपैकी काहीही घडत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

- संकेतस्थळावर नाव-आडनाव टाकलं की एकही निकाल येत नाही, किंवा एकदम चारशे येतात.
- रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे पलटणीचे कागद सांभाळणाऱ्या लष्करी कचेरीला, पत्र पाठवलं, तर 'सर्व्हिस नंबर कळवा' एवढंच उत्तर येतं.
- घरात पदक आहे, पण ते कुठल्या लढाईचं हे कोणालाच सांगता येत नाही.
- घरचे सांगतात 'लंडनला गेले होते', शेजारचे म्हणतात 'बर्माला', आणि फोटो भलतंच काही सांगतो.
- गावाचं नाव नोंदीत आहे, पण आजच्या नकाशावर नाही.
- 'रेकॉर्ड नष्ट झालं' असं लेखी आलं आहे, आणि आता सगळं संपलं असं वाटतं आहे.

शेवटच्या लक्षणावर लोक सगळ्यात लवकर हार मानतात. 'नष्ट झालं' म्हणजे काय नष्ट झालं, हे विचारायचं राहून जातं. त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पहिली तपासणी: घरातली ट्रंक (खर्च शून्य)

पत्र लिहिण्याआधी, इंटरनेट उघडण्याआधी, घरातली जुनी ट्रंक उघडा. तिथेच थांबू नका. देव्हाऱ्याच्या मागची फळी, धान्याच्या कोठीजवळचा डबा, आत्याकडे गेलेली पेटी, सगळं बघा. लेक सासरी जाताना आजोबांचं पदक घेऊन गेली, असं मी तीन घरांत पाहिलं आहे.

पदक हाती लागलं तर ते घासू नका. राख नको, चिंच नको, पितळेचं पॉलिश तर अजिबात नको. पदकाची किंमत त्याच्या चकाकीत नसते, ती कडेला असते. पहिल्या महायुद्धातल्या गोल पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. तीच ओळ तुमची चावी. वारंवार घासलेल्या पदकांवर ही कड गुळगुळीत झालेली दिसते, तेव्हा फार हळहळ वाटते.

पारोळ्याजवळच्या एका गावात म्हातारीने चांदीचं पदक काढून माझ्या तळहातावर ठेवलं. सोनाराकडून त्याला वर कडी जोडून घेतली होती आणि घरातल्या तीन पिढ्यांच्या पोरांच्या गळ्यात ते दृष्ट लागू नये म्हणून काळ्या दोऱ्यात बांधलं जात होतं. एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा, नाक झिजून सपाट झालेलं. दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. कडेला काहीच दिसत नव्हतं. दार लोटून अंधार केला, मोबाईलचा टॉर्च कडेला अगदी आडवा धरला आणि पदक हळूहळू फिरवत गेलो. कडीच्या डाव्या बाजूला एक चार दिसला, मग एक सात. पोरीच्या पावडरच्या डब्यातली चिमूटभर पावडर बोटाने कडेवर फिरवली आणि मऊ फडक्याने वरवर पुसली. खाचांत पावडर बसली, अक्षरं पांढरी उमटली. नंबर, 'सिपॉय', दोन शब्दांचं नाव, शेवटी पलटणीचा आकडा. म्हातारी म्हणाली, "इतका दिन गळामाज व्हतं, आनि आम्हले दिसनं नही."

पदकाच्या आकारावरूनही लढाई ओळखता येते. चार टोकांची, तलवारी फुली घातलेली चांदणी पहिल्या महायुद्धाची. तिच्या पाठीवर नाव शोधा. वर सांगितलेलं घोडेस्वाराचं चांदीचं पदकही त्याच युद्धाचं. अंगमेहनतीच्या पथकांतल्या माणसांना तेच पदक काशाचं मिळालं, म्हणून काशाचं आहे म्हणून खोटं समजू नका. पंख असलेली बाई आणि इंद्रधनुषी फीत असेल तर तेही पहिलंच. सहा टोकांची चांदणी दुसऱ्या महायुद्धाची, आणि तिच्यावर बर्मा, आफ्रिका, इटली असं रणक्षेत्राचं नावच लिहिलेलं असतं. दुसऱ्या युद्धाच्या पदकांवर नाव कोरलेलं असेलच असं नाही, पण हिंदी सैनिकांच्या पदकांवर ते पुष्कळदा सापडतं, तेव्हा बघायला विसरू नका.

पदक नसेल तर डिस्चार्जचा कागद, पीपीओ (पेन्शनचा हुकूम), मनीऑर्डरची पावती, पत्रावरचा शिक्का. फोटो असेल तर खांद्यावरची पितळी अक्षरं आणि टोपीवरचं चिन्ह मोठं करून पाहा. फोटो चौकटीतून ओढून काढू नका. काचेला चिकटलेला असेल तर काचेसकटच स्कॅन करून घ्या.

दुसरी तपासणी: घरातली म्हातारी माणसं, पण प्रश्न बदलून

"आजोबा कुठे लढले?" असं विचारलं की गोष्ट ऐकायला मिळते, माहिती मिळत नाही. खानदेशातल्या घराघरांत 'बसरा' म्हणजे सगळं इराक आणि 'बर्मा' म्हणजे कलकत्त्याच्या पलीकडचं सगळं. आमचे आबा बसऱ्याला वारले असं तीन पिढ्या सांगत आल्या. ते होते 110व्या मराठा पलटणीत. ही पलटण 1915 च्या डिसेंबरापासून इराकमधल्या कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती, आणि 29 एप्रिल 1916 ला वेढ्यातल्या फौजेने शरणागती पत्करली. आबा त्यानंतरच्या कैदेत वारले.

म्हणून मी आता वेगळे प्रश्न विचारतो. मनीऑर्डर येत होती का, आणि किती वर्षं? आजीला पेन्शन होती का, ती आणायला कुठे जात? ते घरी आले तेव्हा कोणता सण होता? बरोबर गावातलं आणखी कोण गेलं होतं? ज्या गावातून एक गेला तिथून बहुतेक वेळा दोघे-तिघे एकाच भरतीत गेलेले असतात, आणि शेजारच्या घरातल्या पदकावरून तुमची पलटण कळते.

यातला पेन्शनचा प्रश्न फार महत्त्वाचा. पेन्शन होती की नव्हती, यावर कागद जिवंत आहे की नाही हे बरंचसं ठरतं.

तिसरी तपासणी: नाव खरंच तेच होतं का?

माझी चार वर्षं इथे वाया गेली. मी 'पाटील' शोधत होतो.

आपल्याकडे पाटील हे पुष्कळ घरांत वतनावरून आलेलं आडनाव. भरतीच्या वेळी माणसाने कुळाचं आडनाव सांगितलं असेल: पवार, सूर्यवंशी, बोरसे, देवरे, शिसोदे. किंवा आडनाव सांगितलंच नसेल, फक्त स्वतःचं आणि बापाचं नाव लागलं असेल. आमच्या आबांच्या नोंदीत 'पवार' होतं. हे मला कोणी सांगितलं? आमच्या कुळाच्या भाटाच्या वहीने. भाट वर्षा-दोन वर्षांनी घरी यायचे, वंशावळ वाचायचे, धान्य न्यायचे, आणि आम्ही ती नुसती ऐकून सोडून द्यायचो. तुमच्या कुळाचा भाट अजून येत असेल तर त्याच्या वहीतून पाच पिढ्या उतरवून घ्या. शाळेचा जुना दाखल-खारिज आणि कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, यातही बापाचं नाव आणि जात मिळते.

आता स्पेलिंग. 'ळ' इंग्रजीत नाहीच, तो 'ल' होतो. 'व' साठी कधी व्ही, कधी डब्ल्यू. 'उ' साठी यू किंवा दोन ओ. 'श' चा नुसता एस. 'झ' साठी झेड किंवा जे-एच. एका नावाची निदान सहा रूपं कागदावर लिहून काढा आणि मगच शोधायला बसा.

जिल्ह्याचं नावही बघा. 1906 मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले, जळगाव मुख्य ठिकाण असलेला पूर्व खानदेश आणि धुळे मुख्य ठिकाण असलेला पश्चिम खानदेश. दोन्ही युद्धांच्या काळात 'जळगाव जिल्हा' किंवा 'धुळे जिल्हा' नव्हताच, आणि नंदुरबार जिल्हा तर 1 जुलै 1998 चा. म्हणून 'जळगाव' टाकून शोधलं तर मुक्ताईनगरचा माणूस सापडणार नाही. त्याच्यासाठी 'एदलाबाद' आणि 'पूर्व खानदेश' हवं. धुळ्याचं इंग्रजी रूप 'धुलिया' होतं. साक्रीकडच्या माणसांसाठी 'पिंपळनेर' तालुकाही पाहा. हतनूर, गिरणा किंवा सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेली गावं आजच्या नकाशावर शोधू नका, जुन्या तालुका नकाशात शोधा.

आणखी एक खाच, जिच्यात मीही पडलो. पलटणीचं नाव आज आपण 'मराठा' असं सरळ लिहितो. त्या काळातल्या इंग्रजी कागदात 'एच' हा 'आर'च्या आधी येतो आणि 'टी' दोन आहेत: एम, ए, एच, आर, ए, टी, टी, ए. आजच्या स्पेलिंगने शोधलं तर पलटणच गायब होते.

चौथी तपासणी: युद्धात वारले असतील तर (फुकट, फक्त इंटरनेट)

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही 1917 मध्ये स्थापन झालेली संस्था. तिच्या यादीत सुमारे 17 लाख नावं आहेत आणि ती कोणालाही मोफत पाहता येते. पण ही फक्त मृतांची यादी आहे. जिवंत परत आलेले आजोबा इथे कधीच सापडणार नाहीत, आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे लोक इथेच चुकलेले असतात. पहिल्या युद्धासाठी 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 आणि दुसऱ्यासाठी 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळातले मृत्यू यात धरले आहेत. म्हणजे युद्ध थांबल्यावर आजाराने इस्पितळात वारलेला सैनिकही यात असू शकतो.

नावाची चौकट रिकामी ठेवा. 'सेवा कोणत्या सैन्यात' तिथे भारतीय निवडा, आणि 'अतिरिक्त माहिती'च्या चौकटीत फक्त 'खानदेश' टाका. पुष्कळ हिंदी सैनिकांच्या नोंदीत 'अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, तालुका, खानदेश, बॉम्बे' अशी ओळ असते, आणि शोध त्या ओळीत लागतो. मग निकालांची यादी उतरवून घ्या आणि गावाच्या नावावर नजर ठेवून निवांत वाचा. 'खानदेश'मध्ये 'डी'च्या पुढे नुसता 'ई' आणि 'ई-आय' अशी दोन्ही स्पेलिंग टाकून पाहा, मग तालुक्याचं नाव. आमच्या आबांची ओळ मला अशी मिळाली. गाव चुकीचं लिहिलेलं, बापाचं नाव बरोबर, आडनाव पवार.

त्यांचं नाव बसरा स्मारकाकडे नोंदलेलं आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, वारलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या 40,500 हून अधिक जणांचं हे स्मारक 1929 मध्ये उभं राहिलं आणि 1997 मध्ये इराक सरकारने ते नासिरियाच्या रस्त्यावर 32 किलोमीटर लांब हलवलं. तिथल्या भिंतीवर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या शिपायांचा मात्र पलटणीमागे नुसता आकडा. शिपायांची नावं वहीत राहिली. म्हणून कोणी भिंतीचा फोटो दाखवून 'यात तुमचे आजोबा नाहीत' म्हणालं तर ऐकू नका, यादी पाहा. फ्रान्समध्ये गेलेल्यांसाठी न्यूव्ह शापेल, इजिप्त-पॅलेस्टाईनसाठी हेलिओपोलिस, दुसऱ्या युद्धात ब्रह्मदेशासाठी रंगून, मलायासाठी सिंगापूर, इटलीसाठी कासिनो ही मुख्य ठिकाणं.

आणि यादीत नाव नाही म्हणजे माणूस गेलाच नव्हता, असंही नाही. कमिशनच्याच समितीने 2021 मध्ये मान्य केलं की पहिल्या महायुद्धातले किमान 1,16,000 जण, कदाचित 3,50,000 पर्यंत, नावानिशी नोंदलेच गेले नाहीत. त्यात आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले हमाल, मजूर पुष्कळ. पूर्वज लेबर किंवा पोर्टर कोरमध्ये असतील तर ही गोष्ट आधीच मनाशी धरून शोधायला बसा.

कैदेत गेलेल्यांसाठी रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने 1914-18 च्या युद्धकैद्यांची कार्डं इंटरनेटवर ठेवली आहेत. तीही फुकट पाहता येतात.

आणखी एक सांगतो, कारण दरवर्षी कोणीतरी आशेने विचारतं. लाहोरच्या संग्रहालयातल्या रजिस्टरांवरून सुमारे 3,20,000 सैनिकांची यादी इंटरनेटवर आली आहे. ती पंजाबची आहे. आपल्याकडचा माणूस तिच्यात शोधण्यात वेळ घालवू नका.

पाचवी तपासणी: तालुका आणि जिल्ह्याची कचेरी (दोन चकरा, थोडी नक्कल फी)

परत आलेल्या सैनिकाचा माग सरकारी दप्तरात निघतो. युद्धानंतर जमीन मिळाली असेल तर फेरफार नोंद असतेच. आजच्या सातबारावर भोगवटादार वर्ग 2 (परवानगीशिवाय व्यवहार न करता येणारी जमीन) दिसला की मागे मागे जात पहिला फेरफार काढायला सांगा. त्यात जमीन कोणत्या हुकमाने दिली ते लिहिलेलं असतं, आणि त्या हुकमात हुद्दा आणि पलटण मिळू शकते. 'जंगी इनाम' हे शब्द दिसले तर समजा की लष्करी सेवेचा धागा हाती लागला. जुनी नोंद मोडीत असेल तर तर्काने वाचू नका. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, तिथे शिकलेले जाणकार आता बऱ्याच ठिकाणी भेटतात.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दुसऱ्या महायुद्धाच्या सैनिकांसाठी जरूर जा. पेन्शन नसलेल्या अशा सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार मासिक अनुदान देतं. आजीने कधी अर्ज केला असेल तर त्या फायलीत नंबर, पलटण आणि डिस्चार्जची तारीख सगळं एका पानावर असतं. आजोबा आझाद हिंद सेनेत गेले असतील तर कलेक्टर कचेरीत स्वातंत्र्यसैनिकांच्या शाखेत विचारा. 1972 पासूनच्या पेन्शनच्या अर्जांना पुरावे जोडलेले असतात.

भुसावळची गोष्ट थोडी वेगळी. तिथले पुष्कळ जण रेल्वेचे म्हणून युद्धात गेले. त्यांचं सर्व्हिस बुक रेल्वेकडे, म्हणून आधी तिकडचा कागद शोधा.

सहावी तपासणी: रेकॉर्ड ऑफिस (पोस्टाचा खर्च आणि धीर)

इथे नंबर आणि पलटण हातात घेऊनच जायचं. नुसतं नाव घेऊन गेलात तर पत्र फुकट गेलं समजा.

पहिल्या महायुद्धातली पलटण आज त्या नावाने नाही. 1922 मध्ये सगळ्यांचे आकडे बदलले: 103वी मराठा ही पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण झाली, 105वी दुसरी, 110वी तिसरी, 116वी चौथी, 117वी पाचवी, आणि 114वी प्रशिक्षणाची दहावी. त्यांचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला. महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, पण इथे एक फसगत नेहमी होते. ही रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 ला उभी राहिली. पहिल्या युद्धात महारांची पलटण होती ती 111वी, 1917 ची, आणि ती 1921 मध्ये मोडली. त्या वेळचे पणजोबा सागरला शोधू नका. बॉम्बे सॅपर्स खडकीला, तोफखाना नाशिक रोडला, सिग्नल आणि ग्रेनेडियर्स जबलपूरला, मेडिकल कोर लखनौला. रसद-वाहतुकीत असतील तर खच्चरांवर होते की मोटारीवर, हेही पत्रात लिहा.

पत्र एका पानाचं ठेवा. वर नंबर, हुद्दा, पलटण. खाली नाव सगळ्या स्पेलिंगसह, बापाचं नाव, त्या काळच्या तालुका-जिल्ह्यासह गाव, भरतीचा अंदाजे काळ. सोबत वारस असल्याचा पुरावा आणि पदकाच्या कडेचा फोटो. आणि एक वाक्य ठळक लिहा: "शीट रोल उपलब्ध नसल्यास लाँग रोलमधील नोंदीचा उतारा द्यावा."

हे वाक्य का लिहायचं ते सांगतो. पेन्शन नसलेल्या सैनिकाचे कागद 25 वर्षांनी नष्ट करावेत असा सेनेचा नियम आहे. तो त्यांच्या 1987 च्या नियमावलीत परिच्छेद 595 मध्ये दिला आहे. शीट रोल, म्हणजे तपशिलाचा कागद, त्यात जातो. पण लाँग रोल ही भरतीची मोठी वही असते आणि ती पुष्कळदा टिकलेली असते. तिच्यात भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख, कारण, गाव, एवढं तरी निघतं. साक्रीच्या एका घराला 'कागद नष्ट' असं उत्तर आलं होतं. तेच पत्र या एका वाक्यासह पुन्हा पाठवलं, आणि दीड महिन्याने चार ओळींचा उतारा आला. त्या घरातल्या नातवाने तो मला फोनवर तीनदा वाचून दाखवला.

उत्तर आलंच नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. 10 रुपये फी, 30 दिवसांची मुदत, आणि उत्तर न मिळाल्यास पहिलं अपील.

सातवी तपासणी: दिल्ली, मग लंडन

राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ घरबसल्या वापरता येतं. तिथे आणि लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पलटणींच्या युद्धडायऱ्या आहेत; पहिल्या युद्धासाठी क्यूचा मुख्य संच 'डब्ल्यूओ 95'. अपेक्षा मात्र ताब्यात ठेवा. युद्धडायरीत गोऱ्या अधिकाऱ्याचं नाव येतं, शिपायांचा बहुधा आकडाच येतो: 'आज 14 जखमी'. तुमच्या आजोबांचं नाव तिथे सापडण्याची शक्यता कमी. सापडतं ते त्यांचं रोजचं जगणं. त्या दिवशी पलटण कुठे होती, पाऊस होता का, रेशन किती उरलं. कुतच्या वेढ्यातले शेवटचे आठवडे वाचताना मी दोनदा उठून अंगणात गेलो.

ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कागदांत सेवापुस्तकं आहेत ती मुख्यतः अधिकाऱ्यांची. साध्या शिपायाचं सेवापुस्तक तिथे मिळेल म्हणून पैसे भरू नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

कागद एकमेकांना चिकटले असतील, घडीवर तुटत असतील किंवा बुरशी धरली असेल तर हात लावू नका. पाण्याची वाफ, इस्त्री, चिकटपट्टी, लॅमिनेशन यातलं काही करू नका. लॅमिनेशन केलेला कागद परत सुटत नाही. संवर्धनाचं काम येणाऱ्या माणसाकडेच तो द्या. पदकाची कड पावडरनेही वाचता आली नाही तर तेही तिथेच न्या, सोनाराकडे नको.

नंबर आणि पलटण नक्की असूनही रेकॉर्ड ऑफिसने लाँग रोलमध्ये नोंद नसल्याचं लेखी कळवलं, तर तेच पत्र पुन्हा पुन्हा पाठवून काही होत नाही. पुढचं काम क्यूमध्ये बसणाऱ्या स्वतंत्र संशोधकाचं. त्यांची यादी आर्काइव्ह्ज स्वतः देतं आणि ते तासावर पैसे घेतात. आधी विचारा की अमुक पलटणीचे अमुक वर्षांचे कागद तिथे आहेत का. 'नाव सांगा, पंधरा दिवसांत संपूर्ण सेवापुस्तक देतो' असं आगाऊ पैसे मागून सांगणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. अशा माणसाने आमच्या तालुक्यातल्या एका विधवेकडून घेतलेले पैसे परत आले नाहीत, आणि दिलेला कागद दुसऱ्याच शिपायाचा निघाला.

युद्धात मृत्यू झाल्याचा पुरावा हातात आहे आणि कमिशनच्या यादीत नाव नाही, तर ते प्रकरण थेट कमिशनकडे पाठवा. पुराव्यानिशी आलेली नावं ते तपासतात आणि यादीत घालतात. आपण फक्त मृत्यूची तारीख, पलटण आणि नातं यांचे कागद नीट लावून द्यायचे.

आणि शोधात जमीन, इनाम किंवा थकलेली पेन्शन निघाली, तर तिथून पुढे वकील. वर्ग 2 च्या जमिनीचा व्यवहार परवानगीशिवाय झालेला असेल तर जुना फेरफार घेऊन तलाठ्याकडे जाण्याआधी वकिलाला दाखवा. भावकीत चर्चा सुरू होण्याआधी सगळ्या कागदांच्या प्रमाणित नकला काढून घ्या, आणि मूळ पदक कोणाच्याही कचेरीत ठेवून येऊ नका. कडेचा फोटो पुरतो.